नदी मैदानात ‘दमते’ का? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि थोडी रागावलेलीही, त्यामुळे ‘धन्यवाद’ म्हणून सुटका करून घेता येणार नाही. ‘मैदानात आल्यावर नदीचा वेग कमी होतोच असं नाही’ हे माझं वाक्य तुम्हाला साफ चूक वाटलं. डोंगरात खनन, मध्ये वहन, शेवटी संचयन हे शाळेत पाठ केलेलं असताना मी उगाच गोंधळ घालतोय, आणि वेग कमी होत नसेल तर गाळ साचतो कसा, असं तुम्ही विचारलंत. शेवटचा प्रश्न अगदी रास्त आहे.

आधी वेगाचं बघू. लूना लिओपोल्ड या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1953 मध्ये नद्यांवरच्या मोजणीच्या नोंदी तपासल्या, तेव्हा खालच्या अंगाला जाताना सरासरी वेग बहुधा किंचित वाढतो असं दिसलं. डोंगरातल्या ओढ्यात एक वाळकं पान टाकून बघा. ते सुसाट सुटतं, दोन दगडांच्या फटीतून घसरतं आणि पुढच्या धोंड्यामागे गरगरत बसतं. कधी तर चक्क उगमाच्या दिशेने सरकतं. आपल्या लक्षात राहते ती त्याची धाव, धोंड्यामागे गेलेला वेळ कोणी धरत नाही. तिथल्या पाण्याची बरीचशी शक्ती दगडांवर आपटण्यात आणि फेस काढण्यात जाते. मोठ्या नदीत पाणी खोल असतं आणि तळही तितका खडबडीत नसतो, त्यामुळे अडथळा कमी. अ‍ॅमेझॉनचा खालच्या टप्प्यातला उतार किलोमीटरला जेमतेम एक-दोन सेंटीमीटर आहे, तरी ब्राझीलमधल्या ओबिडोसजवळ तिचं पाणी सेकंदाला मीटरभराहून जास्त वेगाने जातं. आवाज मात्र नाही, म्हणून ती संथ वाटते.

मग गाळ का साचतो? गोटा हलवायला तळावर रेटा लागतो आणि तो ठरतो पाण्याची खोली आणि उतार या दोन्हींवरून. खाली येताना उतार शेकडो पटींनी घटतो, खोली काही तेवढी वाढत नाही. म्हणून आधी धोंडे अडतात, मग गोटे, मग खडी; वाळू आणि चिखल पुढे जात राहतात. डोंगराच्या पायथ्याशी उतार एकदम मोडतो, पाणी पसरून उथळ होतं आणि पंखाकृती मैदान तयार होतं. तिथे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं.

पण मैदानातली नदी नुसती गाळ टाकत बसत नाही. एखाद्या वळणावर उभे राहा. बाहेरच्या अंगाला डोह असतो, काठ खालून पोखरला जाऊन ढेकळासकट कोसळतो, झाडाची मुळं उघडी पडलेली दिसतात. समोर, आतल्या अंगाला, वाळूची उतरती जीभ. खनन आणि संचयन एकाच वळणावर, एकाच वेळी चाललेलं असतं. म्हणून नदीचे तीन टप्पे कापून प्रत्येकाला एकेक काम वाटून देणं मला पटत नाही. ‘वृद्धावस्था’ हा शब्दही अमेरिकी भूगोलतज्ज्ञ विल्यम मॉरिस डेव्हिस यांनी भूरूपाच्या वयासाठी योजला होता. आपण तो मुखाजवळच्या नदीला चिकटवला.

मुखाबाबत मात्र तुम्ही मला पकडलंत. समुद्राच्या पाण्यात शिरताना वेग खरोखरच पडतो, शिवाय खाऱ्या पाण्यात चिखलाचे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि बसतात. हा अपवाद मी लिहायला हवा होता; आता मूळ लेखात घातला आहे. तरीही प्रत्येक नदी त्रिभुज प्रदेश बांधत नाही. कांगोच्या मुखातच खोल सागरी घळई सुरू होते आणि बराचसा गाळ थेट समुद्राच्या तळाकडे निघून जातो. आणि नाईलवर आस्वानचं मोठं धरण 1970 मध्ये पुरं झाल्यावर गाळ वरच अडला, लाटा मात्र थांबल्या नाहीत. तिचा त्रिभुज प्रदेश काही ठिकाणी झिजत मागे हटला.

राहिलं ‘धबधबा चालतो’ हे वाक्य, ज्याला तुम्ही काव्य म्हणालात. नायगारात वर कठीण खडक आहे, खाली ठिसूळ. पाणी खालचा पोखरतं, वरची कड आधाराविना तुटते आणि धबधबा तेवढा मागे सरकतो. सुमारे 12,000 वर्षांत तो असा 11 किलोमीटर मागे आला आहे. आता वीजनिर्मितीसाठी बरंच पाणी आधीच वळवतात, म्हणून त्याची चाल पुष्कळ मंदावली आहे.