चिकटा

धनत्रयोदशीला काहीतरी धातूचं घ्यायचं म्हणून तुळशीबागेत गेले आणि जाड बुडाचं एक पातेलं आणि सहा ताटं घेऊन आले. दुकानदार म्हणाला, ताई नाव घालून देऊ का, मी म्हटलं नको हो, हल्ली कोण नावं घालतं. तेव्हा आत वाकून बघितलं असतं तर बरं झालं असतं. पातेल्याच्या बरोब्बर मध्यभागी, जिथे दूध उकळायचं तिथेच, हाताएवढा स्टिकर! अरे बाहेरून एवढी गोल गोल जागा आहे, कागदात गुंडाळून देता तर त्या कागदावर चिकटवा ना, पण नाही.

आधी नखाने सुरुवात केली. वरचा चकचकीत पापुद्रा झर्रकन निघाला, मी खूश, आणि खाली पांढरा कागद तसाच. रात्रभर पाण्यात भिजवलं, सकाळी घासायला घेतलं तर कागदाच्या शेवया झाल्या आणि उरला तो चिकटा. हा खरा व्हिलन. त्याला पाण्याचं काही वाटतच नाही, उलट घासणीचे हिरवे धागे धरून ठेवले त्याने. तारेच्या घासणीने मी नव्या पातेल्यावर चरे पाडले, चिकटा जागचा हलला नाही.

मग सल्ले. शेजारच्या काकू म्हणाल्या खोबरेल तेल लाव, नणंद म्हणाली नेलपॉलिश रिमूव्हर, नवऱ्याने माळ्यावरून २०२० साली घेतलेला सॅनिटायझरचा ५ लिटरचा कॅन काढला, म्हणे कधीतरी कामाला येणारच होता. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "अगं, गॅसवर धर जरा, खालून. सुटतंय आपोआप." (सॅनिटायझर आणि गॅस एकत्र नको एवढी अक्कल मला होती, नवऱ्याचं सांगता येत नाही, म्हणून कॅन आधी परत माळ्यावर.)

आता आई म्हणाल्या 'जरा'. मी पातेलं गॅसवर ठेवलं, तेवढ्यात फोन आला, बहिणीचा, म्हणजे तुम्ही समजून घ्या. परत येऊन बघते तर चिकटा तपकिरी होऊन अजूनच घट्ट बसलेला आणि चकचकीत बुडावर पिवळं-निळं-जांभळं इंद्रधनुष्य. स्टील फार तापलं की असे रंग येतात म्हणे. रंग व्हिनेगरने घासून गेले. चिकटा मात्र तेल लावून तासभर ठेवल्यावर मऊ पडला आणि बोटाने गोळ्या गोळ्या होऊन निघाला, म्हणजे काकू पहिल्यापासून बरोबर होत्या, पण त्यांना सांगायची सोय नाही, वर्षभर ऐकवतील.

ताटांच्या वेळी मात्र मी फोन बंद केला. पाठीमागून दहा-पंधरा सेकंद आच, कोपरा उचलायचा, सावकाश ओढायचं. पाच ताटांचे स्टिकर अख्खेच्या अख्खे निघाले, अहाहा, सोलल्या केळ्यासारखे. सहाव्याचा फाटला. असो.

एवढा उत्साह आला की सासूबाईंचा जुना पोह्यांचा डबा पण उलटा केला, बुडाला किमतीची चिठ्ठी होती, पिवळी पडलेली. म्हटलं आई, हा पण काढते. त्यांनी डबा हातातून काढूनच घेतला.

"हात लावू नकोस. अडतीस रुपये लिहिलंय त्यावर. नाहीतर तुम्ही कोणी विश्वास ठेवणार नाही."