पॅडच्या शॉर्ट्सखाली चड्डी नको: त्या सात ‘नियमां’ना उत्तर

गेल्या महिन्यात आईचा फोन आला. आवाज खाली घेऊन म्हणाली, “अगं, यांना बसता येत नाहीये. तुला सांगू नको म्हणतात, पण मी सांगतेय.” बाबा ६१ वर्षांचे, साताऱ्यात असतात, मधुमेह आहे. निवृत्त झाल्यावर सायकल घेतली आणि आता यवतेश्वरचा घाट चढून कासपर्यंत जाऊन येतात. शनिवारी मी घरी गेले तर बाबा जांघेत, जिथे सीटवर टेकतो नेमकं तिथे, बोराएवढं गळू घेऊन बसलेले. डॉक्टरांनी औषधं देऊन पंधरा दिवस सायकल बंद केली होती. “नवी शॉर्ट्स तर घेतलीत, मग असं कसं झालं?” म्हणून विचारलं, तर त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. “सगळं यात लिहिल्याप्रमाणेच केलं गं.”

‘सायकलस्वारांनो, शॉर्ट्स घेण्याआधी हे ७ नियम वाचा’ हा तो निरोप. मला स्वतःला तो तिघांकडून आलाय, तुम्हालाही आला असेल. थोडक्यात त्यात असं आहे: शॉर्ट्सच्या आत बसायच्या जागी शिवलेलं पॅड जितकं जाड तितका आराम, स्वच्छतेसाठी आत सुती चड्डी घालाच, रक्त खेळतं राहावं म्हणून एक साइज मोठी घ्या, घट्ट लायक्राने, म्हणजे ताणलं जाणाऱ्या त्या अंगाबरोबरच्या कापडाने, पुरुषत्व जातं, डोंगरातल्या सायकलिंगला साधी ढगळ बर्म्युडा पुरते, शॉर्ट्स गरम पाण्यात कपडे मऊ करणारं लिक्विड घालून धुवा, आणि महाग शॉर्ट्स म्हणजे लूट, त्यापेक्षा सीटवर जेलचं कव्हर घाला. खाली कुणाचं नाव नाही, कशाचा आधार नाही. फक्त ‘जनहितार्थ’.

दुसऱ्या नियमापासूनच सुरुवात करते, कारण बाबांचं गळू त्याच्यामुळे झालं.

पॅडची शॉर्ट्स उघड्या अंगावर घालायची असते. तिच्या आत काहीही घालायचं नसतं. ते पॅड म्हणजे नुसती गादी नव्हे, अंगाला लागून बसणारं अस्तर आहे. पूर्वी त्या जागी शॅमॉयचं मऊ कातडं शिवलेलं असायचं, म्हणून आजही जुने सायकलवाले पॅडला शॅमॉय म्हणतात. आताचं कापड घाम शोषून बाहेरच्या बाजूला ढकलतं, त्यावर अंगाला लागेल अशी शिवण नसते आणि पॅड कातडीबरोबर हलतं. मध्ये सुती चड्डी आली की यातलं काहीच होत नाही. सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं. जांघेच्या कडेने जाणारी तिची जाड शिवण आणि इलॅस्टिक बरोबर तिथेच येतं जिथे मांडी दर पेडलला घासते. मिनिटाला ७० पेडल धरले तर तासाला ४२०० वेळा. आधी काचतं, मग सोलवटतं, ओलसर उबेत केसांच्या मुळांशी जंतू शिरतात आणि फोड येतो. धडधाकट माणसाचा तो आठवड्यात बरा होईलही. मधुमेहाच्या माणसाची जखम लवकर भरत नाही आणि चिघळायला वेळ लागत नाही. ‘जनहितार्थ’ म्हणून पुढे ढकलणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

बाबांना पटेना. “चड्डीशिवाय कसं घालायचं, घाणेरडं वाटतं.” मग मी त्यांचीच एक चड्डी घेतली, तिची शिवण जेवणाच्या टेबलावर सरळ केली आणि म्हटलं, यावर कोपर टेकून पेपर वाचा. दहा मिनिटांनी त्यांनी हात उचलला. कोपराखाली लालभडक रेघ, आणि तिच्यात इलॅस्टिकचे दातेसुद्धा उमटलेले. हात तर हललाही नव्हता, घामही नव्हता. त्यांनी अंगठ्याने ती रेघ बराच वेळ चोळली. नंतर या विषयावर वाद झाला नाही.

स्वच्छता हवी ना? मग प्रत्येक राइडनंतर शॉर्ट्स धुवा. एकदा वापरलेली न धुता दुसऱ्या दिवशी चढवू नका. घाट उतरल्यावर ओल्या शॉर्ट्समध्ये तासभर मिसळ खात बसू नका, घरी आल्या आल्या बदला आणि ती जागा धुऊन कोरडी करा. लांब जायचं असेल तर काचणाऱ्या जागी सायकलिंगचं क्रीम लावा. आणि सहावा नियम, गरम पाणी आणि मऊ करणारं लिक्विड, तोही सोडून द्या. गरम पाण्याने लायक्राचा ताण जातो, पॅडचा फोम सैल होतो. ते लिक्विड धाग्यांवर थर धरतं आणि कापड घाम ओढेनासं होतं. गार पाणी, साधा साबण, उलटी करून सावलीत वाळत घालायची. एवढंच.

आता चौथा नियम. बाबांनी तो वाचून मला काही विचारलं नाही, पण माझ्या आतेभावाने मात्र एवढ्याशावरून सायकल विकायला काढली होती. लायक्राने पुरुषत्व जातं याला आधार काय, तर काहीही नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ‘जर्नल ऑफ युरॉलॉजी’त एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. अनेक देशांतले अडीच हजारांहून जास्त सायकलपटू एका बाजूला, पोहणारे आणि धावणारे दुसऱ्या बाजूला. सायकल चालवणाऱ्यांचं लैंगिक आरोग्य इतरांपेक्षा वाईट निघालं नाही. खूप लांबलांबचं अंतर चालवणाऱ्यांचंही नाही.

यात अर्धं खरं आहे ते मात्र सांगते, लपवत नाही. त्याच पाहणीत सायकलवाल्यांमध्ये त्या भागाला बधिरपणा येण्याचं आणि मूत्रमार्ग अरुंद होण्याचं प्रमाण जास्त दिसलं. मुंग्या येणं, बधिर होणं खरंच होतं आणि ते अंगावर काढू नये. पण त्याचं कारण घट्ट कापड नाही, सीटचं टोक आहे. बसायची दोन हाडं सोडून वजन त्यांच्या मधल्या मऊ भागावर आलं की तिथली नस आणि रक्तवाहिन्या दाबल्या जातात. त्या पाहणीत एकूण वेळेच्या २० टक्क्यांहून जास्त वेळ जे पेडलवर उभे राहून चालवत होते त्यांच्यात बधिरपणा बराच कमी होता. हँडल सीटच्या बरोबरीला किंवा वर ठेवणाऱ्यांमध्येही कमी. म्हणजे सीटची उंची, तिचा उतार आणि हँडल तपासा, अधूनमधून उभे राहा. शॉर्ट्स ढगळ घेऊन यातलं काही सुधारत नाही. आणि बधिरपणा उतरत नसेल तर डॉक्टरांकडे जा.

‘एक साइज मोठी’ हाही त्याच गैरसमजातून आलेला सल्ला. सैल शॉर्ट्समध्ये पॅड जागेवर राहत नाही, चुण्या पडतात आणि त्या चुण्या चड्डीच्या शिवणीचंच काम करतात. दुकानात सरळ उभं राहून ठरवू नका. हँडल धरल्यासारखं पुढे वाका, एक पाय उचला. जांघेत कापड गोळा होता कामा नये. खांद्यावर पट्टे असलेली बिब शॉर्ट्स उभं असताना खांदे ओढते, वाकल्यावर नीट बसते, आणि ती तशीच असायला हवी. पोट असलेल्यांना बिब जास्त सोसते, कारण कमरेला इलॅस्टिक रुतत नाही. बाबांना मी तीच घेऊन दिली.

जाड पॅडचं सांगायचं तर जाडी नव्हे, घट्टपणा बघा. हाडं टेकतात त्या जागी पॅड अंगठा आणि बोटात धरून दाबा. दोन्ही बोटं एकमेकांना लागल्यासारखी वाटली तर ते कितीही फुगीर दिसो, तासाभरात चपटं होणार. मऊ गादीत हाडं रुततात आणि गादी मधून वर येऊन नको तिथे दाबते. सीटच्या जेल कव्हरचंही हेच, शिवाय ते सरकतं. बाबांच्या सीटवरून मी ते त्याच दिवशी काढलं. सीटसुद्धा बोटभर उंच होती, दर पेडलला कंबर डावी-उजवीकडे डुलत होती, म्हणजे घासणं आणखी वाढत होतं. तीही खाली घेतली.

या सातही नियमांत बायकांचा एका शब्दाने उल्लेख नाही. आमची बसायची हाडं सहसा जास्त रुंद असतात, म्हणून पॅड मागे रुंद आणि पुढे आखूड लागतं. मी पहिल्यांदा घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराने पुरुषांची लहान साइज पुढे केली होती. ‘चालतं हो मॅडम’ म्हणाला. ते चालत नाही. दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब राइडला, ती घालून गेले आणि शेवटचे चाळीस जवळजवळ उभ्यानेच काढले.

डोंगरातली बर्म्युडा. तिथे ढगळ शॉर्ट्स असतात हे खरं, करवंदीच्या जाळीतून आणि खडकावरून जाताना लायक्रा फाटते. पण त्या ढगळ शॉर्ट्सच्या आत पॅडची पातळ, घट्ट शॉर्ट्स असते, ते निरोप लिहिणाऱ्याला माहीतच नाही. साध्या बर्म्युडाचा आणखी एक धोका आहे. उतारावर अंग मागे टाकताना तिची लोंबती जांघ सीटच्या टोकात अडकते, आणि नेमकं तेव्हा अडकणं म्हणजे पडणं. डोंगरासाठीच्या शॉर्ट्सची शिवण तिथे अडकणार नाही अशी असते.

महाग म्हणजे लूट, हे मी अर्धं मान्य करते. मंडईत जाऊन यायला, पाच-सात किलोमीटरला पॅडची गरजच नाही. मध्यम किमतीची, अंगाला नीट बसणारी शॉर्ट्स न बसणाऱ्या महागड्या शॉर्ट्सपेक्षा केव्हाही बरी. तासाहून जास्त चालवणार असाल तर मात्र एकाऐवजी दोन घ्या, म्हणजे धुतलेली कायम हाताशी राहील.

बाबांची जखम आता भरलीय. डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा आईने फोटो पाठवला: गॅलरीत दोरीवर बिब उलटी करून वाळत घातलेली, पॅड बाहेर. सोबत बाबांनी तो निरोप ज्या ग्रुपवर आला होता तिथे लिहिलेल्या उत्तराचा स्क्रीनशॉट. “नियम क्र. २ पाळू नये. स्वानुभव.”