‘पर्यावरण मंजुरीमुळे विकास अडतो’ या मेसेजला उत्तर

खाण, बंदर किंवा कारखान्याला कुठे विरोध झाला की एक मेसेज हमखास फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: प्रत्येक बांधकामाला पर्यावरण मंजुरी (काम सुरू करण्याआधी घ्यायची सरकारी परवानगी) लागते आणि त्यात प्रकल्प वर्षानुवर्षं अडकतात, ओसाड माळावर कसलं आलंय पर्यावरण, जनसुनावणीत बाहेरचे लोक येऊन गोंधळ घालतात, पर्यावरणावरच्या परिणामांचे अहवाल नाहीतरी नक्कल केलेले असतात. तेव्हा आधी प्रकल्प उभा राहू द्या, नुकसान झालंच तर दंड घ्या आणि झाडं लावा. हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांत रोजगाराची खरी निकड असलेली माणसंही आहेत. म्हणूनच त्यातल्या एकेका दाव्याला उत्तर द्यायला हवं.

‘प्रत्येक बांधकामाला लागते.’ नाही लागत. केंद्र सरकारच्या 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेत प्रकल्पांची यादी आहे आणि मंजुरी त्या यादीतल्यांनाच लागते. 20,000 चौरस मीटरपेक्षा कमी बांधकाम असलेली इमारत त्यात येत नाही. रेल्वेमार्ग तर यादीतच नाहीत. यादीतही ‘ब-2’ गटात गेलेल्या प्रकल्पांना ना परिणामांचा अहवाल करावा लागतो, ना जनसुनावणी.

‘वर्षानुवर्षं अडकतात.’ अधिसूचनेत प्रत्येक टप्प्याला मुदत आहे. जनसुनावणी 45 दिवसांत, अंतिम अहवाल आल्यावर तज्ज्ञ समितीची छाननी 60 दिवसांत आणि त्यानंतर निर्णय 45 दिवसांत. या मुदती अनेकदा पाळल्या जात नाहीत, हे मान्य. महालेखापरीक्षकांच्या 2016 च्या अहवालानेही विलंबावर बोट ठेवलं होतं. पण त्याच अहवालाने आणखी एक गोष्ट नोंदवली: तपासलेल्या प्रकरणांपैकी सुमारे पाव प्रकरणांत परिणामांचा अहवाल नेमून दिलेल्या कार्यकक्षेनुसार (अहवालात काय काय तपासायचं याच्या यादीनुसार) केलेलाच नव्हता. अर्धवट अहवाल आला की समिती जादा माहिती मागवते, ती यायला महिने जातात आणि दोष मात्र कायद्यावर येतो. मंजुरी साफ नाकारली जाण्याचे प्रसंगही विरळाच. बहुतेकांना ती अटींसह मिळते.

आता ‘ओसाड माळावर कसलं आलंय पर्यावरण’. सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने केलं आहे, आणि यात चूक फक्त मेसेज लिहिणाऱ्याची नाही. कित्येक प्रकल्पांच्या कार्यकक्षेत मूळ स्थितीची माहिती एकाच ऋतूची मागितली जाते, तीही पावसाळा सोडून. कोकणातल्या कातळसड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, याचा अर्थ काय होतो ते बघा. मार्चमध्ये पाहणीला गेलेल्या माणसाला तापलेला काळा दगड आणि वाळलं गवत दिसतं. सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य जमीन, असं लिहिलेलं असतंच. अहवालात ‘विशेष वनस्पती नाहीत’ असं येतं आणि पाहिलं तेवढ्यापुरतं ते खोटंही नसतं. जूनमध्ये त्याच दगडावर पाणी साचतं, बेडूक येतात, आणि पुढच्या काही महिन्यांत गेंद, कीटक खाणारी सीतेची आसवं अशा कितीतरी वनस्पती उगवून, फुलून, बी टाकून जातात. त्यातल्या काही पश्चिम घाट आणि कोकण सोडून जगात दुसरीकडे नाहीत.

फुलांचं सोडा, पाण्याचं बघा. वरचा जांभा सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी त्यातून झिरपतं आणि खालच्या घट्ट थराला अडून सड्याच्या कडेला झऱ्यांतून बाहेर येतं. पायथ्याच्या वाड्यांच्या विहिरी आणि पोफळीच्या बागा त्यावर चालतात. जांभा काढला किंवा वर काँक्रीट केलं तर मे महिन्यात कोणत्या वाडीचं पाणी तुटेल, हा प्रश्न अहवालाने विचारायलाच हवा. तो विचारायचा तर पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर झरे मोजावे लागतात. याला अडवणूक म्हणणाऱ्यांनी पायथ्याच्या माणसांना पाणी कुठून येणार तेवढं सांगावं.

‘जनसुनावणी म्हणजे बाहेरच्यांचा गोंधळ.’ सुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ भरवतं, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हादंडाधिकारी दर्जाचा अधिकारी असतो, निदान 30 दिवसांची सूचना द्यावी लागते. ती मुख्यतः स्थानिक बाधितांसाठीच आहे. इतर संबंधितांना लेखी म्हणणं देता येतं. हजर असलेल्या प्रत्येकाला प्रकल्पवाल्याकडे खुलासा मागण्याचा हक्क आहे. शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं असतं. एवढी चौकट असताना गोंधळ का होतो? अनेक ठिकाणी एक मोठं कारण असतं: जाडजूड अहवाल इंग्रजीत आणि गावाच्या हाती फक्त मराठी सारांश. ज्यांची जमीन जाणार त्यांना आकडे सुनावणीच्या दिवशी पहिल्यांदा कळणार असतील तर आवाज चढणारच. 2006 ची अधिसूचना बदलण्यासाठी आलेल्या 2020 च्या मसुद्यात ही 30 दिवसांची सूचना 20 वर आणण्याचा प्रस्ताव होता. लाखो हरकती गेल्या, त्यातली ही एक मोठी हरकत होती.

‘अहवाल नक्कलच असतात.’ काही असतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालातला मजकूर उचललेला सापडला होता. कोकणातल्या पक्ष्यांचं वर्णन आणि अधिवास मात्र थंड प्रदेशातल्या स्प्रूस वृक्षांच्या जंगलांचा! अहवाल करणाऱ्या सल्लागाराचे पैसे प्रकल्पवालाच देतो, हे या दुखण्याचं मूळ आहे आणि त्यावर कडक उपाय हवेत. पण ही चोरी उघडी पडली कारण अहवाल करणं आणि तो लोकांसमोर ठेवणं बंधनकारक होतं. हे बंधनच काढलं तर चोरी थांबणार नाही, पकडणं थांबेल.

राहिला शेवटचा दावा: आधी बांधा, मग दंड भरा. सर्वोच्च न्यायालयाने 2017 आणि 2020 च्या निकालांत कामानंतर घेतलेली मंजुरी पर्यावरण कायद्याच्या तत्त्वांत बसत नाही असं म्हटलं. मे 2025 मध्ये अशा मंजुरीची व्यवस्थाच रद्द केली आणि नोव्हेंबर 2025 मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक मतांनी तो निकाल मागे घेतला. म्हणजे कायद्यातली ओढाताण चालू आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी हा दावा टिकत नाही. परिणामांच्या अहवालात पर्यायी जागांचा विचार करणारं प्रकरण असतं, आणि माझ्या मते तेच त्यातलं सर्वांत मोलाचं प्रकरण. पाया भरल्यावर पर्याय उरतो तो एकच. बुजलेला झरा दंडाच्या रकमेने वाहत नाही आणि रोपं लावूनही नाही.

वेळेवर विचारलेल्या प्रश्नाने प्रकल्प मरतो असंही नाही. गोव्यातल्या मोपा विमानतळाच्या अर्जात आसपासच्या जंगलांची माहिती दडवल्यामुळे न्यायालयाने मार्च 2019 मध्ये मंजुरी स्थगित केली. फेरविचार झाला, जादा अटी आल्या, जानेवारी 2020 मध्ये स्थगिती उठली आणि डिसेंबर 2022 मध्ये विमानतळाचं उद्घाटनही झालं. माहिती पहिल्याच अर्जात दिली असती तर ते दहा महिने वाचले असते.

तुमच्या भागात प्रकल्प येत असेल तर मेसेज पुढे पाठवण्याआधी ‘परिवेश’ या केंद्राच्या पर्यावरण मंजुरीच्या पोर्टलवर त्याचा अहवाल शोधा. पाहणी कोणत्या महिन्यांत केली ते बघा, पर्यायी जागांचं प्रकरण उघडा, तुमचा झरा, ओढा किंवा विहीर नकाशावर आहे का ते तपासा. नसेल तर लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. मंजुरी मिळाल्यावरही अटींच्या पालनाचा अहवाल प्रकल्पवाल्याने दर वर्षी 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यायचा असतो. तोही मागून घ्या.