१४० टक्क्यांचा प्रो

माझ्या भाच्याने गेल्या महिन्यात त्याचा पीएस५, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ५ हा गेम कन्सोल, चोवीस हजारांना विकून टाकला. डिस्कवालं मॉडेल, दोन कंट्रोलर, वर तीन गेम. घेणारा त्याच्याच क्लासमधला, राजेंद्र नगरचा मुलगा. स्कूटीवर आला, पुढे पायांत पिशवी ठेवली आणि घेऊन गेलासुद्धा. का विकलास म्हणून विचारलं तर भाच्याने फोन पुढे केला. "मामा, हे वाच ना. प्रो येतोय."

वाचला, आणि लगेच ओळखला. हाच मेसेज २०२४ च्या सप्टेंबरात आमच्या इंदूरच्या मराठी पोरांच्या ग्रुपवर फिरला होता. तेव्हाही त्यात 'या दिवाळीला प्रो' होतं, आताही आहे, फक्त मधे 'भारतात' हा शब्द घुसवलाय. मजकूर थोडक्यात असा: प्रो, म्हणजे पीएस५चंच वरचं मॉडेल, साध्या पीएस५पेक्षा १४० टक्के ताकदवान आहे. तो आला की साध्यावर नवे गेम येणं बंद. कंपनी अपडेट पाठवून जुनं मशीन मुद्दाम मंद करते. ज्यांनी अजून घेतला नाही त्यांनी थांबा, जुना अर्ध्या भावात मिळेल. ज्यांच्याकडे आहे त्यांनी आजच विका. शेवटी हात जोडलेले आणि 'दहा गेमर भियांना पाठवा'.

अफवा हवेतून आलेली नाही, हे आधी कबूल करतो. पीएस५ प्रो ७ नोव्हेंबर २०२४ ला परदेशात विक्रीला आला आणि भारतात आला नाही. कारण मजेशीर होतं. त्यात वाय-फाय ७ आहे, ते ६ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरतं, आणि तो पट्टा आपल्याकडे तेव्हा खुला नव्हता. पुढे मे २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने त्या पट्ट्याचा खालचा भाग परवान्याशिवाय वापरू देण्याच्या नियमांचा मसुदा काढला आणि अफवेत परत जीव आला. तेव्हा प्रो इथे येणार की नाही, कधी येणार, यावर माझा वाद नाही. आला तर छानच. माझा वाद त्या मेसेजमध्ये पुढे जे जोडलंय त्याच्याशी आहे.

आधी ते १४० टक्के. हा आकडा कुठून आला ते मला बरेच दिवस कळत नव्हतं. मग एका रात्री बेरीज केली आणि एकटाच हसत बसलो. १० सप्टेंबर २०२४ ला सोनीच्या मार्क सर्नी यांनी प्रो दाखवला तेव्हा तीन आकडे सांगितले होते: ग्राफिक्स चिपमध्ये ६७ टक्के जास्त कम्प्युट युनिट (चित्राचा हिशोब करणारे भाग), २८ टक्के वेगवान मेमरी, आणि चित्र रेंडर म्हणजे तयार करण्याचा वेग ४५ टक्क्यांपर्यंत जास्त. ६७ अधिक २८ अधिक ४५. कुणीतरी टक्क्यांची बेरीज केलीय!

आता आपल्या चौकातल्या पोहेवाल्याने ६७ टक्के जास्त पोहे भिजवले, प्लेटा लावणारा पोरगा २८ टक्के चपळ ठेवला, आणि सकाळी नऊपर्यंत ४५ टक्के जास्त प्लेटा खपल्या, तर त्याचा धंदा ४५ टक्केच वाढला. बाकीचे दोन आकडे त्या ४५च्या पोटातले आहेत. आणि त्या ४५च्या मागेही 'पर्यंत' आहे.

त्यातही हा सगळा हिशोब ग्राफिक्स चिपचा. प्रोसेसर प्रोमध्ये तोच जुना आहे, झेन २ जातीचे आठ कोर. फार तर ३.५ गिगाहर्ट्झवरून ३.८५ वर नेता येतो, म्हणजे दहा टक्के. याने काय फरक पडतो? सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, हव्या असतील तर एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, ३० हव्या असतील तर ३३.३. समजा एखाद्या गेममध्ये गर्दी, रहदारी, कोण कुणाला धडकलं याचा हिशोब करायलाच प्रोसेसरला २५ मिलिसेकंद लागतात. मग ग्राफिक्स चिप कितीही दांडगी आणा, ६० गाठता येत नाहीत. राजवाड्याच्या गल्लीत स्पोर्ट्स बाइक नेली तरी ती रिक्षाच्या मागेच चालणार.

दुसरं म्हणजे गेमने साथ द्यावी लागते. टेराफ्लॉप्स हे ग्राफिक्स चिपची ताकद मोजायचं माप. पीएस४ १.८४ टेराफ्लॉप्सचा होता, पीएस४ प्रो ४.२ चा. कागदावर सव्वादोन पटींहून जास्त. तरी 'ब्लडबोर्न' प्रोवर ३० फ्रेमवरच राहिला, कारण त्या गेमला प्रोसाठीचं अपडेट कधी मिळालंच नाही.

प्रो थोतांड आहे असं मात्र मी म्हणणार नाही. बऱ्याच गेममध्ये सुंदर चित्र घ्या आणि ३० फ्रेम सोसा, किंवा ६० फ्रेम घ्या आणि धूसर चित्र सोसा, अशी निवड करावी लागते. प्रो त्या दोन्हींतलं अंतर खरंच कमी करतो. मोठा ४के टीव्ही असेल तर फरक दिसतोही. पण आमच्या भाच्याच्या खोलीत ३२ इंची टीव्ही आहे, १३६६ बाय ७६८ चा. म्हणजे पडद्यावर एकूण साडेदहा लाख ठिपके. ४के म्हणजे जवळपास ८३ लाख. प्रोने घाम गाळून रंगवलेलं चित्र त्या टीव्हीत कोंबायचं असेल तर आधी विकायला टीव्ही काढायला हवा होता. हे मी त्याला बोललो. तो म्हणाला, "टीव्ही बाबांचा आहे."

आता गेम बंद होण्याची भीती. पोरांनी मशीन विकली ती मुख्यतः हिच्यापायी, आणि त्यातही जीटीए ६ या गेमच्या नावाने. म्हणून जरा सविस्तर.

पीएस४ प्रो २०१६ च्या नोव्हेंबरात आला. त्या वेळीच सोनीने सांगून ठेवलं होतं की फक्त प्रोवर चालणारा गेम असणार नाही. पुढे काय झालं? 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक' नोव्हेंबर २०२२ मध्ये आला. तेव्हा पीएस५ येऊन दोन वर्षं झाली होती, तरी तो २०१३ च्या साध्या पीएस४वरही आला. 'ग्रॅन टुरिस्मो ७' आला, 'होरायझन फॉरबिडन वेस्ट' आला. फुटबॉलचा 'एफसी २५' तर २०२४ मध्येही पीएस४साठी निघाला. यात कंपनीचं मोठं मन वगैरे काही नाही, हिशोब आहे. पीएस४ जगभरात अकरा कोटींहून जास्त खपले आणि त्यात साधेच बहुसंख्य. पीएस५ प्रो विक्रीला येण्याआधी, सप्टेंबर २०२४ अखेर, साधे पीएस५ ६ कोटी ५५ लाख गेलेले होते. गेम बनवण्यात वर्षानुवर्षं आणि अफाट पैसा घालायचा आणि मग साडेसहा कोटी गिऱ्हाइकांना दारातून परत पाठवायचं, असा धंदा मारवाडीही करत नाही आणि जपानीही.

गेम कुठवर चालेल हे नव्या मशीनवर ठरत नाही. घरोघरी असलेल्या सगळ्यांत अशक्त मशीनवर ठरतं. जीटीए ६ चंच बघा. तो पीएस५बरोबर मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एस या कमी ताकदीच्या कन्सोलसाठीही जाहीर झालाय. सिरीज एस म्हणजे ४ टेराफ्लॉप्स आणि १० जीबी मेमरी. साधा पीएस५ १०.२८ टेराफ्लॉप्स, १६ जीबी. ज्या गेमला सिरीज एसवर उभं राहायचंय तो साध्या पीएस५ला कसा सोडून जाईल? वर मे २०२५ चा दुसरा ट्रेलर पीएस५वरच टिपलाय असं तो गेम बनवणाऱ्या खुद्द रॉकस्टारने सांगितलं होतं. भाच्याने तो ट्रेलर किमान वीसदा पाहिलाय.

उलट बाजूही मांडतो, नाहीतर कुणीतरी मांडणारच. निन्टेन्डोने २०१४ मध्ये 'न्यू ३डीएस' हा हातात धरायचा कन्सोल काढला आणि त्यावर 'झेनोब्लेड क्रॉनिकल्स ३डी' हा गेम असा दिला की जुन्या ३डीएसवर चालेना. त्याआधी त्यांच्याच एन६४ कन्सोलला एक्स्पान्शन पॅक (जादा मेमरी) लावल्याशिवाय 'डाँकी काँग ६४' खेळताच यायचा नाही. असे गेम अगदी थोडे निघाले. जास्त बोचरं उदाहरण 'सायबरपंक २०७७' चं. डिसेंबर २०२० मध्ये साध्या पीएस४वर त्याची अशी दैना झाली की सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढला आणि जून २०२१ मध्ये परत ठेवताना प्रो किंवा पीएस५वर खेळा असं सुचवलं. भीतीला आधार आहे तो इथे. पण तेव्हा साधा पीएस४ सात वर्षांचा होता आणि गेमला जड जात होते त्याचा मुळातलाच मंद प्रोसेसर आणि जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क. पीएस५मध्ये आणि प्रोमध्ये प्रोसेसर एकाच जातीचा, दोन्हींत हार्ड डिस्कऐवजी वेगवान एसएसडी. तो खड्डा इथे खणलेलाच नाही.

'मुद्दाम मंद करतात' हे प्रकरण फोनवरून आलंय. ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलं होतं की बॅटरी थकलेल्या आयफोनचा वेग ते कमी करत होते. कन्सोलला बॅटरी कुठे आहे? पीएस५चा वेग तर कामाच्या बोजावर बदलतो, खोलीच्या तापमानावर नाही. तुमचा-माझा कन्सोल सारखाच वागावा म्हणून तो मुद्दाम तसा बांधलाय. जुनं मशीन थकतं ते धुळीने. माझा आधीचा कन्सोल मिक्सरसारखा ओरडायला लागला तेव्हा मीही कंपनीच्या नावाने बोटं मोडली होती. उघडला तर पंख्यावर इंदूरच्या खोदलेल्या रस्त्यांची दोन उन्हाळ्यांची माती, आणि चिपवरची पेस्ट वाळून खडू झालेली. ब्रश, नवी पेस्ट, तासाभराचं काम. परत गप्प.

राहिला अर्धा भाव. इथे पोरांचं खरं नुकसान झालंय.

पूर्वी थांबणारा शहाणा ठरायचा, हे बरोबर. पीएस२ अमेरिकेत २००० मध्ये २९९ डॉलरला आला आणि २००९ पर्यंत ९९ वर उतरला. पीएस४ २०१३ ला ३९९, २०१६ चा स्लिम २९९. चिप लहान व्हायची, स्वस्त पडायची, भाव उतरायचा. आता चिप लहान झाली तरी तशी स्वस्त पडत नाही. आपल्याकडचाच पीएस५ बघा. २ फेब्रुवारी २०२१ ला डिस्कवाला ४९,९९० रुपयांना आला. नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० झाला. एप्रिल २०२४ मध्ये स्लिम आला तोही ५४,९९० लाच. सणासुदीला सवलत येते आणि जाते, छापील भाव मात्र वरच. अमेरिकेत, जिथे प्रो खरोखर आला, तिथे साध्याचं काय झालं? नऊ महिन्यांनी, ऑगस्ट २०२५ मध्ये, तो ५० डॉलरने महागला. एक्सबॉक्स सिरीज एक्स ४९९ चा मेमध्ये ५९९ आणि ऑक्टोबरात ६४९ झाला. पाच वर्षं जुनं मशीन, आणि भाव चढता!

थांबण्याचं आणखी एक उदाहरण माझ्या ऑफिसात बसतं. हा गृहस्थ २०१९ पासून निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलच्या 'प्रो'ची वाट पाहत होता. २०२१ मध्ये ४के येणार अशा जोरदार बातम्या होत्या. जुलैमध्ये निन्टेन्डोने जाहीर केला ओएलईडी पडद्याचा स्विच, आत चिप तीच. खरा पुढचा स्विच ५ जून २०२५ ला आला. मधल्या काळात 'टिअर्स ऑफ द किंग्डम' हा गेम २०१७ च्या मशीनवर लोक खेळून मोकळे झाले. याने अजून उघडलेलासुद्धा नाही, पण अफवा तोंडपाठ.

आणि मेसेजमध्ये एक गोष्ट लिहिलेलीच नाही, जी इंदुरात सगळ्यांत महत्त्वाची. प्रोमध्ये डिस्क ड्राइव्ह येत नाही. २०२४ मध्ये आला तेव्हा ६९९.९९ डॉलर त्या नुसत्या खोक्याचे होते. ड्राइव्ह वेगळा, ७९.९९. आमच्यात मोठा गेम ४,९९९ ला एकजण घेतो. रामबागेतून डिस्क लोकमान्य नगरला जाते, तिथून सुदामा नगरला, आणि वर्षाने जेल रोडवर कुणाला तरी विकली जाते. चौघांत साडेबाराशे रुपये पडले, त्यातलेही थोडे परत. डाउनलोड केलेला गेम असा हिंडत नाही. विकता येत नाही, वाढदिवसाला रीबनमध्ये गुंडाळूनही देता येत नाही. साधा डिस्कवाला विकून बिनड्राइव्हचा प्रो घेणारा हे सगळं सोडून देतो, आणि हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

हे सगळं मी भाच्याला सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाताना ऐकवलं. त्याने मान डोलावली, वरून घालायचा जिरावन मसाला अजून मागितला, आणि घरी जाऊन त्या राजेंद्र नगरवाल्या मित्राला फोन केला. परत देतोस का म्हणून.

मित्र तयार आहे. एकतीस हजार म्हणतोय, तीन गेम वगळून.