सत्तरीतल्या गाठीला ‘सुई लावू नका’ म्हणणाऱ्यांना

माझ्या मावशीने स्तनातली गाठ चार महिने लपवली. वय ७२, खानापूर तालुक्यात घर. आधी म्हणाली, भाताची सुगी होऊ दे. मग मोबाईल पुढे केला, “हे वाच आधी, मग ने मला बेळगावला.”

मेसेजात चार गोष्टी: सुई टोचली की गाठ अंगभर पसरते, सत्तरीनंतर कॅन्सर आपोआप थंड पडतो, केमोने म्हातारं माणूस मरतं, हळद-गोमूत्राने गाठ विरघळते. दवाखान्यातला बोर्ड कन्नडात, रिपोर्ट इंग्रजीत. तिला सरळ वाचता आलं ते एवढंच. म्हणून ते खरं वाटलं.

सुईचं आधी, कारण त्या एका वाक्याने तिचे चार महिने घालवले. बायोप्सीत, म्हणजे सुईने गाठीचा नमुना घेण्याच्या तपासणीत, जागा बधिर करून तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे काढतात. सुईच्या वाटेत क्वचित एखादी पेशी सरकते, पण त्यामुळे रोग अंगभर पसरत नाही. मग लोकांना तसं का वाटतं? आपल्याकडे बायका इतक्या उशिरा जातात की सुई लागते तेव्हा रोग बरेचदा आधीच काखेत पोचलेला असतो. दोष उशिराचा, नाव सुईचं. आणि त्या तुकड्यांवरच कळतं की गाठ हार्मोनवर (अंगात तयार होणाऱ्या रसायनांवर) वाढणारी आहे का, म्हणजे रोजच्या एका गोळीने ती आवरेल का. सुई नको म्हणणारा त्या बाईची गोळीही हिरावून घेतो.

‘थंड पडतो’ यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करते. म्हातारपणातल्या बऱ्याच गाठी हार्मोनवर वाढणाऱ्या आणि सावकाश वाढणाऱ्या असतात. पण आपोआप थांबत नाहीत. २०२३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात ६५ आणि त्याहून जास्त वयाच्या १,३२६ बायकांचा दहा वर्षांचा अभ्यास आला. सगळ्यांच्या गाठी ३ सेंटीमीटरपर्यंतच्या, हार्मोनवर वाढणाऱ्या, काखेत न पोचलेल्या. निम्म्यांना रेडिएशन, म्हणजे किरणांचा उपचार, दिलं, निम्म्यांना नाही. त्याच स्तनात गाठ परतली ती रेडिएशनवाल्यांत ०.९ टक्के, बाकीच्यांत ९.५ टक्के. दहा वर्षांनी जिवंत मात्र दोन्हीकडे साधारण ८१ टक्के. म्हणजे काहींना रेडिएशन टाळता येतं. पण त्या प्रत्येकीची गाठ ऑपरेशनने काढली होती, स्तन ठेवून, आणि गोळ्या निदान पाच वर्षं घ्यायच्या ठरल्या होत्या. उपचार कमी करणं वेगळं आणि न करणं वेगळं. मेसेजवाल्याने दोन्ही एक करून टाकलं.

केमो सगळ्यांना लागतंच असं नाही; हृदय, साखर, ताकद बघून डॉक्टर ठरवतात. हळद-गोमूत्राने गाठ विरघळत नाही. लेपाखाली ती वाढत राहते, फुटली की जखम वाहते.

मावशीची बायोप्सी सोमवारी आहे. खानापूरहून सकाळच्या बसने आम्ही दोघी निघू. मेसेज तिला शेजारच्या काकूंनी पाठवला होता, मायेनेच. हे आज त्यांना पाठवते आहे, कारण त्यांच्या सासूबाईंनाही काखेत काहीतरी लागतंय, असं मावशी काल बोलता बोलता म्हणाली.