गणवेशाचं टेंडर आणि अकरा तालुके

सोलापूरचा माझा एक मित्र शाळेचे गणवेश शिवून घेतो. अक्कलकोट रोडला वीस-पंचवीस मशीन, कटिंगचं एक लांब टेबल, काज-बटण बाहेर. सरकारी खरेदी लॉट, म्हणजे छोटे भाग, पाडून अनेकांना द्यावी, असं मी जर्मनीतून फोनवर म्हटलं की तो उखडतो. "काय बे, टेंडरचे तुकडे पाडले की खाणारी तोंडं वाढतात, दुसरं काय?"

त्याचं चूक नाही. आपल्याकडे तुकडे पडतात ते बहुधा निविदा चुकवायला. निविदा सक्तीची होते त्या मर्यादेच्या आत बसणारी चार बिलं, आणि चारही एकाच घरातली! केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत अशा तुकड्यांना मनाई आहे, ती उगीच नाही.

युरोपीय संघाच्या सरकारी खरेदीवरच्या २०१४ च्या निर्देशात ही पळवाट बुजवली आहे. लॉट कितीही पाडा, मर्यादा ठरवताना सगळ्यांची किंमत एकत्र धरतात. छोट्या लॉटना थोडी सूट आहे, तीही एकूण किमतीच्या २० टक्क्यांपर्यंतच. शिवाय मोठं काम एकगठ्ठा द्यायचं तर कारण लेखी द्यावं लागतं. एका पुरवठादाराला जास्तीत जास्त किती लॉट, हेही आधीच जाहीर करता येतं. आणि बोलीदाराची वर्षाची उलाढाल किमान किती हवी, ही अट सहसा लॉटच्या किमतीच्या दुपटीपुढे नेता येत नाही. मित्र दरवेळी अडतो तो नेमका याच अटीवर.

आपल्याकडे २०२४-२५ मध्ये 'एक राज्य, एक गणवेश' आलं. कापडाची खरेदी राज्यपातळीवर, शिलाई महिला बचत गटांकडे. पंधरा ऑगस्ट आला तरी कित्येक मुलांच्या अंगावर नवा गणवेश नव्हता. आले त्यांतले बरेच मापात बसेनात. त्याच डिसेंबरात सरकारने पुढच्या वर्षापासून खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवली. एकतर सगळं मुंबईहून, नाहीतर प्रत्येक शाळा आपापली. मधला रस्ता कुणी चाचपलाच नाही.

जर्मनीतही लॉटवर सगळे खूश आहेत असं नाही. इथला कायदा तर आणखी कडक, आणि बांधकामात त्याचा जाच होतो. प्लास्टरवाला इलेक्ट्रिशियनसाठी खोळंबतो, इलेक्ट्रिशियन खिडकीवाल्यासाठी, आणि उशीर झाला की जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. सगळं एकाच ठेकेदाराला द्यायची मुभा हवी, ही मागणी इथे जुनीच आहे. इमारतीपुरती ती मलाही पटते.

पण बार्शीचा शर्ट पंढरपूरच्या शर्टासाठी अडत नाही. कापडाचं वेगळं, दोन गिरण्यांच्या रंगाईत निळ्याची छटा हमखास बदलते, म्हणून जिल्ह्याचं कापड एकाच ठिकाणचं असावं. शिलाई मात्र तालुकावार द्या. सोलापूर जिल्ह्यात तालुके अकरा, एकाला दोनच्या वर नको. मापं शाळेत जाऊन घ्यायची, शर्ट बसला नाही तर बदलून द्यायचा, हे जवळच्यालाच जमतं.

यावर मित्राने खरा मुद्दा काढला. "अकरा लॉट, अकरा शिवणारे? रिंग करायला एक चहा पुरे." बरोबर आहे, आपसांत लॉट वाटून दर ठरवून घेतील. म्हणून लॉटची संख्या नेहमीच्या बोलीदारांच्या संख्येशी जुळू देऊ नये. तालुक्यांचे गट दरवर्षी बदलावेत, आणि कुठल्या लॉटला किती बोली आल्या, दर काय लागला, हे जिल्हा परिषदेच्या फलकावर लावावं.