अहो, गाडी बंद करा आधी!

मोटारीतलं तेल कसं बघायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. गाडी बंद करायची, थोडं थांबायचं, डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, ओढायची, पुसायची, परत घालायची, परत ओढायची. ज्यांनी जन्मात स्टिअरिंग धरलेलं नाही त्यांनाही हे ठाऊक असतं. अडचण एवढीच, की माझ्या गाडीला ते मान्य नाही.

गाडी म्हणजे जुनी पोर्शे ९११ एससी. इंजिन मागे, हवेने थंड होणारं. म्हणायचं हवेने, पण निम्मी हमाली तेलच करतं. म्हणून साध्या गाडीचं चारेक लिटरमध्ये भागतं तिथे हिला जवळजवळ १३ लिटर लागतं. ते इंजिनाखाली साठून राहत नाही. एक पंप ते खालून उपसून उजव्या मागच्या चाकामागच्या टाकीत टाकतो, दुसरा टाकीतून परत इंजिनात ढकलतो. याला ड्राय संप म्हणतात. वेगात वळण घेतलं आणि तेल एका अंगाला पळालं, तरी पंप कोरडा पडत नाही. विचार शहाणपणाचाच आहे. फक्त गाडी उभी राहिली की टाकीतलं तेल हळूहळू झिरपत इंजिनात उतरतं, आणि अशा वेळी घातलेली डिपस्टिक बिनदिक्कत थापा मारते.

म्हणून इंजिन पुरतं तापलेलं हवं, चालू हवं, न्यूट्रलमध्ये हवं आणि गाडी सपाट जागेवर हवी.

तापवायला हरकत नसते. तेवढंच फिरणं होतं. तेलाचं तापमान ऐंशी-नव्वद अंशांवर गेलं की झालं. पण सपाट जागा आणायची कुठून? पाणी साचू नये म्हणून रस्ता मधे उंच आणि कडांना उतरता. पेट्रोल पंपाच्या फरशीला उतार, पार्किंगला उतार. बांधकाम खात्यातल्या माणसांनी पृथ्वीवरून सपाट जमीन नाहीशी करायचा विडाच उचललेला दिसतो. मी गाडीत पाणसळ ठेवतो. रस्त्यात ओणवा होऊन पाणसळ लावणारा माणूस दिसला की लोक थांबतात आणि अदबीने विचारतात, "काय बांधताय इथे?"

डॅशबोर्डवर तेलाच्या पातळीचा काटाही आहे. तोही याच अटींवर खरं बोलतो. गाडी पळायला लागली की तो सरळ तळाला जाऊन बसतो. शेजारच्या सीटवरचा पाहुणा तो बघतो, मग माझ्याकडे बघतो, आणि उरलेला प्रवास दाराचं हँडल धरून करतो.

एकदा कंपनीनेच हे सोपं करून पाहिलं होतं. १९७२ च्या मॉडेलात टाकी मागच्या चाकाच्या पुढे आणली आणि भरायचं झाकण बाहेरून, उजव्या दाराच्या मागे दिलं. पंपावर लोक त्यात पेट्रोल ओतू लागले म्हणे. पुढच्या वर्षी झाकण परत आत गेलं.

घराजवळ मला जेमतेम सपाट असा एकच तुकडा सापडलाय, आणि तो आमच्या इमारतीच्या फाटकासमोर आहे. म्हणजे प्रयोग जाहीर. इंजिन धडधडतंय, मागचं झाकण उघडं, एका हातात फडकं. तेलाच्या टाकीचं बूच काढलं की बाहेरची हवा आत शिरते आणि इंजिन अडखळायला लागतं. नेमक्या त्याच क्षणी शेजारचे काका हजर होतात.

"अहो, गाडी बंद करा आधी!"

"काका, हिचं चालू असतानाच बघायचं असतं."

"कोणी सांगितलं?"

"कंपनीने."

"त्यांना काय कळतंय!"

डिपस्टिक चटका बसण्याइतकी तापलेली, तेल पाण्यासारखं पातळ झालेलं. ते दोन खुणांच्या मधोमध होतं. मधोमध उत्तम, खालच्या आणि वरच्या खुणेत दीड-दोन लिटरचा फरक असतो, आणि वरची खूण गाठायचा हट्ट धरला तर जास्तीचं तेल ब्रीदरच्या, म्हणजे आतली वाफ-हवा बाहेर सोडणाऱ्या, नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात शिरतं. मग गाडी निळ्या धुराने सगळ्या गल्लीला कळवते.

काकांचं समाधान झालं नाही. संध्याकाळी ते पुन्हा आले. गाडी तोवर थंडगार. "आता काढा." काढली. टोकाला तेलाचा थेंब नाही. काकांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"बघा! ठणठणाट! टाका दोन लिटर."

मी ड्राय संप समजावला. पंप समजावले. झिरपणं हाताने करून दाखवलं. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "पैशांची अडचण असेल तर सांग, संकोच करू नकोस."

सकाळी ते बेल वाजवून आत आले. हातात त्यांच्या स्कूटरच्या तेलाचा अर्धा डबा होता.